परक्या गावचा रतीब : 'रिव्हर टाऊन'च्या निमित्ताने

ज्यात जेवणाचा उल्लेख नाही असे मराठी प्रवासवर्णन शोधूनही सापडावयाचे नाही. परंतु त्या जेवणांची जातकुळी पाहू गेल्यास ती बहुधा एकच आढळते. यजमानाच्या घरचे जेवण, उपाहारगृहातील जेवण, बोटीवरचे अथवा विमानातले जेवण, आणि अखेरीस परमुलखातील एखाद्या मराठी कुटुंबाने आग्रहाने बोलावून वाढलेला वरणभात. ह्या सर्व ठिकाणी लेखक पाहुणा असतो. पाहुण्यासाठी मांडलेले ताट थोडेफार सजविलेले असावयाचेच, आणि त्यात गावाची खरी चव उतरतेच असे नाही. ती कळावयास एकाच ठिकाणी, त्याच बाकावर बसून, तेच जेवण पुनःपुन्हा जेवावे लागते. कंटाळा येईपर्यंत जेवावे लागते, आणि कंटाळा ओसरल्यावरही जेवावे लागते. दुधाचा रतीब असतो तसा हा जेवणाचा रतीब होय. असा रतीब लावून बसलेल्या एका मनुष्याने लिहिलेले पुस्तक आमच्या वाचनात आले. पीटर हेस्लर ह्या अमेरिकन लेखकाचे 'रिव्हर टाऊन' हे ते पुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी वाचकांस ते नवे नाही. तथापि ज्यांचे निम्मे आयुष्य बदलीच्या गावी जाते अशा आपल्यासारख्या वाचकांनी ते एका निराळ्या दृष्टीने वाचावे असे आम्हांस वाटते, आणि हा लेख त्या दृष्टीपुरताच आहे.

प्रथम थोडी माहिती. अमेरिकेत अध्यक्ष केनेडी ह्यांच्या कारकिर्दीत, १९६१ साली, 'पीस कोअर' नावाची संस्था सरकारने स्थापन केली. तरुण अमेरिकनांनी दोन वर्षे परदेशी जाऊन, बेताच्या भत्त्यावर, शिक्षण, शेती, आरोग्य अशा कामांत स्वयंसेवक म्हणून राबावे अशी तिची योजना. आपल्या देशातही हे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ ह्या काळात येत असत. चीनमध्ये मात्र ते १९९३ साली प्रथम गेले, आणि तेथे त्यांना 'पीस कोअर' ह्या नावाने न संबोधता मैत्रीचे स्वयंसेवक असे सौम्य नाव देण्यात आले. (२०२० साली तो उपक्रम चीनपुरता बंद झाला.) हेस्लर ह्यांचे शिक्षण प्रिन्स्टन व ऑक्सफर्ड येथे झालेले. १९९६ च्या ऑगस्टअखेर ते यांगत्सी नदीकाठच्या फूलिंग नावाच्या गावी बोटीने उतरले, आणि १९९८ पर्यंत तेथील अध्यापक महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत राहिले. त्यांच्याबरोबर दुसरा एक अमेरिकन स्वयंसेवक होता. एवढे सोडल्यास त्या गावाने जवळजवळ अर्ध्या शतकात अमेरिकन मनुष्य पाहिला नव्हता.

स्वयंसेवक देश निवडू शकतो, गाव त्याला नेमून दिले जाते. हेस्लर ह्यांच्या वाट्याला आलेले गाव पाहावयास जावे असे नव्हते. पेकिंगचे राजवाडे नाहीत, शांघायचे दिवे नाहीत. यांगत्सीला वू नावाची नदी जेथे मिळते तेथील उतारावर एकावर एक रचलेले हे गाव. रस्ते कमी आणि पायऱ्या अधिक. चढणीमुळे सायकल निरुपयोगी, म्हणून सायकलींच्या त्या देशात हे गाव सायकलीविना चाललेले. खांद्यावर बांबू टाकून ओझी वाहणारे हमाल पायऱ्यांवर गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेले. दगडी कोळशाचा धूर, मोटारींच्या भोंग्यांचा अखंड कल्लोळ, आणि त्या काळी रेल्वे नाही. तेथील मौल्यवान वस्तू म्हणावी तर नदीतला एक लांबट खडक. त्यावर तांग राजवटीच्या काळापासून, म्हणजे बाराशे वर्षांहून अधिक काळ, हिवाळ्यातील उतरलेल्या पाण्याच्या खुणा माशांच्या आकृती कोरून नोंदविलेल्या आहेत. पण तो खडकही वर्षातून थोडेच दिवस डोके वर काढी. एरवी चीनमध्ये फूलिंगचे नाव घेतले जाते ते एका लोणच्यासाठी. त्याविषयी पुढे येईलच.

अशा गावी परका मनुष्य दोन ठिकाणी जेवू शकतो. एक म्हणजे मेजवान्या. महाविद्यालयातील वरिष्ठ मंडळी ह्या अमेरिकनांना मेजवान्या देत. तेथे पदार्थांची रांग लागे आणि 'बाय-च्यू' नावाची जळजळीत दारू पेल्यामागून पेला रिचविण्याचा आग्रह होई. ह्या प्रसंगांची हेस्लर ह्यांनी केलेली वर्णने मोठी मार्मिक आहेत. कोण कोणाला पाजतो, कोण नकार देऊ शकतो आणि कोणाला नकाराची मुभा नाही, ह्यावरून त्या टेबलाभोवतीची अधिकाराची उतरंड त्यांनी नेमकी टिपली आहे. सरकारी नोकरीत ज्यांनी वरिष्ठांच्या निरोपसमारंभांना हजेरी लावली आहे त्यांना ही पाने वाचताना वेगळी टीप लागणार नाही. परंतु ह्या मेजवान्यांतून हेस्लर ह्यांना फूलिंग कळले नाही. कळले ते हुद्दे.

दुसरे ठिकाण म्हणजे महाविद्यालयाजवळची एक साधी खानावळ. तिच्या नावाचा अर्थ 'विद्यार्थ्यांचे घर' असा. एक तरुण जोडपे ती चालवीत असे. घरची वडीलधारी मंडळी आणि एक तान्हे मूल तेथेच वावरत असे. स्वयंपाकघर आणि बैठक ह्यांत अंतर असे नाहीच. येथे दोघे अमेरिकन दुपारी जेवावयास येऊ लागले, आणि येतच राहिले. ते मूल प्रथम ह्या उंच, फिकट माणसांना पाहून घाबरे होई. पुढे दोन वर्षांत ते वाढते, आणि त्याच्या वाढण्यावरून वाचकालाही काळ किती गेला ते समजते. पुस्तकातील प्रकरणांच्या मधून मधून गावच्या एखाद्या स्थळाविषयी वा व्यक्तीविषयी लहान स्वतंत्र टिपणे घातली आहेत. त्यांत नदी आहे, टेकडी आहे, वृद्ध ख्रिस्ती धर्मगुरू आहे, आणि ह्या खानावळीचा मालकही आहे. नदी आणि धर्मगुरू ह्यांच्या पंक्तीला खानावळवाला बसवावा ह्यात लेखकाचा विवेक दिसतो.

ह्या खानावळीचे पुस्तकातील कार्य नीट समजून घेतले पाहिजे, कारण वरवर पाहता तेथे काहीच घडत नाही. कोणी मरत नाही, कोणी भांडत नाही. परंतु हेस्लर चिनी भाषा शिकले ती दोन जागी. एक, वर्गात. तेथील शिक्षिका प्रत्येक चुकीला 'बू-द्वे', म्हणजे 'बरोबर नाही', एवढाच शब्द उच्चारी, आणि त्या शब्दाचा धाक पुस्तकभर ऐकू येतो. दुसरी जागा ही खानावळ आणि तिच्यासारखी गावातली चहाची दुकाने. तेथे चुकीची नोंद कोणी ठेवीत नसे. मनुष्य भुकेला आहे, पैसे देतो आणि रोज येतो, एवढी ओळख बोलणे सुरू होण्यास पुरे होती. हेस्लर ह्यांचे चिनी नाव हो वेई. ते म्हणतात की हा हो वेई म्हणजे पीटर हेस्लर नव्हेच. तो थोडा मंद, बोलताना अडखळणारा, विनोदाला हसणारा, आणि म्हणूनच लोकांना आवडणारा निराळा मनुष्य आहे. आमच्या मते हा हो वेई वर्गात जन्मला असला तरी वाढला तो खानावळीच्या बाकावर. पहिल्या वर्षी बाजारातून चालताना ह्याच मनुष्यामागे 'हॅलो, हॅलो' असे ओरडणारी पोरे लागत आणि तो वैतागून घरी परते. दुसऱ्या वर्षी त्याच्या गावात ठरलेल्या फेऱ्या आहेत, ठरलेल्या जागा आहेत, आणि जेथे बसावयाचे तेथील लोकांना तो कोण हे सांगावे लागत नाही. ह्या दोन वर्षांतले अंतर त्याने अर्ध्याअधिक जेवूनच तोडले आहे.

येथवर स्तुती झाली. आता जे उणे वाटले तेही सांगितले पाहिजे. इतके जेवूनही हेस्लर ह्यांना चवीविषयी फारसे सांगावयाचे नाही. ते माणसे पाहतात, वाडगे पाहत नाहीत. पदार्थ तिखट होता, गरम होता, चांगला होता, येथे त्यांची लेखणी थबकते. पाश्चात्त्य लेखकांत हा दोष पुष्कळदा आढळतो. तिखटाला ते एकच एक गोष्ट समजतात. सेच्वान प्रांताच्या पाकशास्त्रात, आणि फूलिंग त्याच परंपरेतले गाव आहे, तिखटाचे निदान दोन स्वतंत्र भाग मानले आहेत. 'ला' म्हणजे मिरचीचा झणका, आणि 'मा' म्हणजे जिभेला व ओठांना येणारी बधिर झिणझिण. ही झिणझिण 'ह्वा-च्याओ' नावाच्या फळाने येते. आता हे फळ म्हणजे काय हे अमेरिकन वाचकाला समजावताना लेखकाची पंचाईत होणारच. परंतु मालवण-गोव्याकडच्या आमच्या वाचकांना एका शब्दात समजेल : तिरफळ. ही केवळ उपमा नव्हे. वनस्पतिशास्त्र ह्या दोन्ही झाडांना एकाच प्रजातीत घालते. आणखी मौज अशी की दोन्हीकडे फळातील काळी बी काढून टाकावयाची आणि वरचे टरफल तेवढे वापरावयाचे हाच रिवाज आहे. बांगड्याच्या आमटीत चार तिरफळे ठेचून टाकणाऱ्या गृहिणीला फूलिंगच्या खानावळीतील मसाल्याचा डबा उघडून दिला तर तिला वासावरूनच निम्मी भाषा कळेल. हेस्लर ह्यांना ती भाषा अभ्यासाने मिळवावी लागली, आणि ही एक ओळ त्यांच्या हातून निसटली.

मिरचीची गोष्ट ह्याहून विचित्र आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात दर्यावर्दी लोकांनी ती पूर्वेकडे आणली, आणि कोल्हापूरने काय, सेच्वानने काय, ती जणू आपल्याच परसात उगवली अशा थाटात आपलीशी केली. म्हणजे फूलिंगच्या बाकावर घाम पुशीत बसलेला हा अमेरिकन आपल्याच खंडाचे फळ परक्याच्या हातून खात होता. हा योग त्याने टिपला असता तर आम्हांस आनंद वाटला असता.

त्या खानावळीत जो पदार्थ ते आवडीने खात त्याचे नाव 'छाओ-शौ'. पातळ चौकोनी पारीत खिमा घालून ती दुमडावयाची, पाण्यात उकडावयाची आणि लाल तेलात सोडावयाची. हाताची घडी घालून बसलेल्या मनुष्यासारखी तिची दुमड दिसते, म्हणून ते नाव. आणखी एक पदार्थ त्या सबंध टापूचा म्हणता येईल : 'श्याओ-म्येन', म्हणजे साधे शेवयांचे वाडगे. सकाळी रस्त्याकडेला ठेंगण्या स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन लोक ते खातात. त्याची रचना आपल्या मिसळीशी ताडून पाहण्याजोगी आहे. मिसळीत उसळ, फरसाण खाली आणि कट वरून. तेथे उलट. लाल तेल, सोयाबीनचे खारे पाणी, लसूण, आले, तिरफळाच्या भाईबंदाची पूड हे सर्व आधी वाडग्याच्या तळाशी, आणि त्यावर उकडलेल्या गरम शेवया. ढवळण्याचे काम खाणाऱ्याचे. न ढवळता खाणारा पहिल्या घासाला फिका आणि शेवटच्या घासाला घायाळ होतो. मिसळ समोर ठेवली की तर्रीचा रंगच आधी बजावतो. तेथे वरून सारे शांत दिसते.

आणि ते लोणचे. त्याचे नाव 'झात्साई'. आपली मोहरी ज्या वनस्पतीची, तिच्याच एका वाणाचे खोड गाठीसारखे फुगते. त्या गाठी नदीच्या वाऱ्यावर सुकवावयाच्या, मिठात मुरवावयाच्या, दाबून त्यांतील पाणी काढावयाचे आणि मग मिरची व मसाला लावून बरणीबंद करावयाचे. नावातील पहिल्या शब्दाचा अर्थच दाबणे असा आहे. फूलिंग येथे हा धंदा १८९८ पासून चालत आला आहे. आगगाडीत बसलेला चिनी प्रवासी त्याची पुडी फोडून भाताबरोबर वा शेवयांबरोबर खातो. एका अप्रसिद्ध गावाचे नाव देशभर पुडीवर छापले जाते आणि त्या गावी मात्र कोणी जात नाही, ही फूलिंगची स्थिती होती. आपल्याकडेही चादरीवरून, संत्र्यावरून वा कुलपावरून ओळखली जाणारी गावे आहेत, आणि तेथे बदली झालेल्या अधिकाऱ्यांचे चेहरे आम्ही पाहिले आहेत.

एक आक्षेप आमच्या एका मित्राने घेतला, तो सांगण्यासारखा आहे. त्याचे म्हणणे असे की, जो मनुष्य सेवेसाठी गेला त्याने आपल्या खाण्याच्या सुखाविषयी लिहावे हे शोभत नाही. सेवा म्हटली की कष्ट आणि त्याग. डॉक्टर कोटणीसांचे उदाहरण त्याने दिले, आणि ते उदाहरण येथे अप्रस्तुत नाही. १९३८ साली काँग्रेसने चीनला जे पाच डॉक्टरांचे पथक पाठविले त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर असे दोन मराठी डॉक्टर होते. हे पथक हांकौ, इचांग करीत चुंगकिंगला पोहोचले. इचांग ते चुंगकिंग हा जलमार्ग यांगत्सीचा, आणि फूलिंग ह्याच मार्गावर लागते. कोटणीस पुढे उत्तरेकडील रणक्षेत्रात गेले, तेथील भाषा शिकले, तेथेच विवाह केला, आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. त्यांच्यापुढे हेस्लर ह्यांची दोन वर्षे म्हणजे सुटीच, असे मित्राचे म्हणणे.

त्यागाच्या तुलनेत त्याचे म्हणणे निर्विवाद आहे, आणि हेस्लर ह्यांनीही स्वतःकडे कसला त्याग घेतलेला नाही. पण आक्षेपाचा दुसरा भाग आम्हांस मान्य नाही. कोटणीसांना पुस्तक लिहिण्याइतके आयुष्य लाभले नाही. त्यांना तेथले अन्न गोड लागले की कडू लागले हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु जो तेथली भाषा बोलू लागला आणि तेथे संसार थाटून बसला, तो नाक मुरडून जेवत असेल ही कल्पना आम्हांला करवत नाही. सेवा करावयास आलेला मनुष्य गावाला काही देतो, म्हणून गाव त्याच्यापुढे नेहमी थोडे ओशाळे असते. तो जेव्हा रस्त्याकडेच्या बाकावर बसून वाडगे पुढे करतो आणि 'आणखी थोडे' म्हणतो, तेव्हा देणारा आणि घेणारा ह्यांच्या जागा क्षणभर बदलतात. हेस्लर हे शिक्षक म्हणून वर्गात चौथऱ्यावर उभे होते. खानावळीत ते ठेंगण्या बाकावर होते. पुस्तकातील सर्वांत मोकळी माणसे त्यांना चौथऱ्यावरून दिसलेली नाहीत.

ह्या मोकळेपणाला मर्यादा होती हे लेखकाने लपविले नाही, आणि त्यामुळे पुस्तकाची किंमत वाढली आहे. मुक्काम संपत आला तेव्हा दोघा मित्रांनी गावाची आठवण राहावी म्हणून बाजारात चित्रफीत घ्यावयास सुरुवात केली. लोक जमले, कोणी हरकत घेतली, आणि बघता बघता जमाव अंगावर आला. दोन वर्षांची ओळख त्या पाच-दहा मिनिटांत कामी आली नाही. आम्हांस हा प्रसंग ह्या पुस्तकाचा खरा मध्य वाटतो, जरी तो अखेरीस येतो. तोच मनुष्य, तोच बाजार. वाडगे घेऊन बसला तोवर तो त्यांच्यातला. यंत्र डोळ्याला लावले आणि तो पुन्हा परका झाला. खाणारा काही घेतो ते पैसे मोजून आणि सर्वांसमक्ष. चित्र घेणारा काय घेऊन चालला हे बाजाराला कळत नाही. त्यात तो बाजार गरीब असला तर आपले दारिद्र्यच हा परदेशी घेऊन चालला आहे असा संशय येणे अगदी स्वाभाविक. हेस्लर ह्या प्रसंगाचा दोष एकट्या जमावावर टाकीत नाहीत, ही त्यांची सचोटी.

आता घरच्या वाङ्मयाकडे वळावे. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली आले, पु. ल. देशपांडे ह्यांचे 'अपूर्वाई' १९६० साली, 'पूर्वरंग' १९६३ साली. ह्या पुस्तकांनी मराठी वाचकाला जग दाखविले, आणि हसत दाखविले, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहोत. पण ही पाहुण्यांची पुस्तके आहेत, आणि पाहुण्याचा मुक्काम हलणारा असतो. त्याच पु. लं.नी १९७० साली, वयाच्या पन्नाशीत, बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन मुक्काम ठोकला. त्यातून १९७४ साली 'वंगचित्रे' आले. त्या पुस्तकाचा सूर आधीच्या दोहोंहून निराळा आहे हे आमच्यासारख्या सामान्य वाचकालाही जाणवते. लेखक तोच, निरीक्षण तेच. पण येथे तो विद्यार्थी म्हणून बसला आहे, त्याला पुढची गाडी गाठावयाची नाही.

ह्याच्याही मागे गेले तर एक आश्चर्य दिसते. मराठी प्रवासवर्णनांत ज्याला अग्रपूजेचा मान द्यावा ते गोडसे भटजींचे 'माझा प्रवास' हे पाहुण्याचे पुस्तक नव्हेच. वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकून, दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. १९०७ साली ते पुस्तक छापून निघाले. पोटासाठी परमुलखात गेलेल्या मनुष्याची दृष्टी त्यात आहे. ही वाट पुढे आपण का सोडली? पोटासाठी परमुलखात जाणारे मराठी लोक कमी झाले म्हणून नव्हे. टपाल, रेल्वे, हिशेबतपासणी, आयकर, सैन्याची लेखा कार्यालये, ह्या खात्यांनी किती मराठी माणसे कटकला, धनबादला, शिलाँगला, जोधपूरला नेऊन बसविली आहेत ते ह्या मासिकाच्या वर्गणीदारांच्या पत्त्यांवरूनच दिसेल. हेस्लर ह्यांना दोन वर्षे मिळाली. आपल्याला तीन मिळतात, कधी पाच, आणि वरिष्ठांची मर्जी खप्पा असल्यास दहाही.

मग ती पुस्तके कोठे आहेत? ह्याचे एक कारण आम्हांस ताटात सापडते. आपण बदलीच्या गावी जातो ते डबे बरोबर घेऊन. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचे पीठ हे घरून येते. संपत आले की कोणी येणारा पाहून पुन्हा मागविले जाते. त्यात गैर काही नाही. जिभेला माहेर लागतेच. पण पाच वर्षे कटकला काढून दहीबरा-आलूदम न चाखता परतणारी कुटुंबे असतात, आणि ही गोष्ट चवीपुरती राहत नाही. कटकचा दहीबरा म्हणजे आपला दहीवडा नव्हे. पातळ ताकवजा दह्यात सोडलेले वडे, त्यांवर बटाट्याची झणझणीत भाजी आणि वाटाण्याची घुगनी. पानांच्या द्रोणात, सायकलवर हंडे बांधून फिरणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊन उभ्याने खावयाचे. आपला दहीवडा गोडसर, थंड आणि पंक्तीत बसून खाण्याचा. 'हा आपला दहीवडा नव्हे' एवढे ज्याला खाऊन कळले त्याने उडिया बोलण्याचा पहिला धडा घेतला, कारण ते कळण्यासाठी त्याला विक्रेत्याशी चार शब्द बोलावेच लागले. ज्याने घरून कुळीथ मागविले त्याला ते शब्द लागलेच नाहीत.

अडचणी खऱ्या आहेत. रस्त्यावरचे पाणी पोटाला मानवत नाही. घरात मुले लहान असतात. शिवाय छाओ-शौतील खिमा बहुधा डुकराचा. आपल्यातील शाकाहारी कुटुंबांनी काय करावे असा प्रश्न कोणी विचारील, आणि हेस्लर ह्यांच्या पुस्तकात त्याचे उत्तर नाही, कारण त्यांना तो प्रश्न कधी पडलाच नाही. सर्व काही खाऊ शकणाऱ्या मनुष्याला परकेपणाची एक मोठी पायरी चढावी लागत नाही, आणि ती चढली नाही ह्याची जाणीवही त्याला नसते. एखाद्या शाकाहारी मराठी मनुष्याने अशा गावचे पुस्तक लिहिले तर त्यात नकार देण्याचे प्रसंग येतील, ते समजावून सांगण्याची धडपड येईल, आणि अखेर खानावळवाल्याने त्याच्यापुरते निराळे काढून ठेवलेले वाडगे येईल. ते पुस्तक हेस्लर ह्यांच्या पुस्तकाहून रोचक होण्याचा संभव आहे. आणखी एक अडचण हुद्द्याची. साहेबांची गाडी टपरीपुढे थांबली तर टपरीवालाही गोंधळतो आणि शिपाईही. ह्या बाबतीत आम्ही कारकून मंडळी सुखी आहोत. आमच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

आज ते फूलिंग आहे तसे उरलेले नाही. हेस्लर तेथे होते त्या दोन वर्षांतच, १९९७ साली, तंग श्याओ-फिंग वारले, हाँगकाँग चीनला परत मिळाले, आणि फूलिंग सेच्वान प्रांतातून निघून चोंगछिंगच्या, म्हणजे जुन्या चुंगकिंगच्या, कारभाराखाली गेले. २००३ पासून 'तीन घळीं'च्या धरणाचे पाणी चढू लागले आणि नदीकाठच्या सखल वस्तीचा काही भाग त्याखाली गेला. माशांच्या आकृतींचा तो खडक आता कायमचा पाण्यात असून, २००९ पासून लोक पाण्याखालच्या संग्रहालयात उतरून काचेतून तो पाहतात. रेल्वे आली, महामार्ग आले. हेस्लर ह्यांनी पुढे चीनवर आणखी पुस्तके लिहिली. २०१९ साली ते पुन्हा सेच्वानमध्ये, छंगतू येथे, विद्यापीठात शिकवावयास गेले, आणि त्यावरचे 'अदर रिव्हर्स' २०२४ साली निघाले. तेव्हा ते नामांकित लेखक होते. फूलिंगला उतरले तेव्हा ते कोणीच नव्हते, आणि खानावळीत बसावयास ती स्थिती अधिक सोयीची होती.

'रिव्हर टाऊन' मराठीत आणावयाचे कोणी मनावर घेतल्यास एक विनंती आहे. छाओ-शौला करंजी म्हणू नये, श्याओ-म्येनला शेवयांची खीर तर मुळीच म्हणू नये, आणि झात्साईला नुसते लोणचे म्हणून सोडून देऊ नये. नावे आहेत तशीच ठेवावीत. दोन-चार पानांनंतर वाचकाच्या तोंडी ती बसतील. फक्त ह्वा-च्याओपाशी आल्यावर, मूळ लेखकाने दिलेली नसली तरी, एक छोटी तळटीप अनुवादकाने आपल्या पदरची घालावी, आणि तीत तिरफळाचे नाव घ्यावे.